आठवीनंतर कुठे? नाहूरची एक फेरी

माणगावहून दिवा पॅसेंजर धरायची, दिव्याला उतरून धीमी लोकल पकडायची, हा माझा नाहूरला जाण्याचा ठरलेला रस्ता. दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे, मुलुंड आणि मग नाहूर. जलद गाडी इथे थांबत नाही. स्टेशनही तसे नवेच, २००३ साली सुरू झालेले. त्याआधी इथल्या माणसाला भांडुप नाहीतर मुलुंड गाठावे लागे. आजही पत्ता विचारला तर एकाच गल्लीतला एक जण ‘मुलुंड पश्चिम’ सांगतो आणि दुसरा ‘भांडुप’.

माझा थोरला भाऊ गेली चौदा वर्षे इथे राहतो. लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या एका गाळ्यात लेथ चालवतो. घर गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या अलीकडे, भांडुपच्या अंगाला. पूर्वेला पूल ओलांडून पुढे गेले की मिठागरे आणि खाडी; पश्चिमेला नजर टाकली की डोंगर. मधल्या पट्ट्यात जुने कारखाने, चाळी, आणि त्यांच्या डोक्यावर उभे राहिलेले वीस-तीस मजल्यांचे टॉवर. भाऊ म्हणतो, “इथं आम्ही खालून वर बघतो आणि ते वरून खाली. बोलणं दोघांचंही होत नाही.”

एप्रिलमध्ये एका लग्नासाठी गेले होते. भाची तेव्हा महापालिकेच्या उर्दू शाळेत आठवीत होती. भाभी म्हणाली, “तुम्ही शिक्षिका आहात, उद्या तिच्या शाळेत जाऊन बाईंना भेटून या. नववीचं काय करायचं ते आम्हाला समजेना.” मी पंचवीस वर्षांपूर्वी बीएड केले, त्यानंतर शाळा सोडून दुसरे काही पाहिलेले नाही. पण माझी सगळी नोकरी रायगड जिल्ह्यात गेली. जिल्हा परिषदेची शाळा, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, ही साखळी मला पाठ आहे. मुंबईची शाळा मात्र मी आतून कधी पाहिली नव्हती.

साडेबाराच्या सुमारास आम्ही पोहोचलो आणि फाटकातच अडकलो. सकाळची शाळा सुटत होती, दुपारची भरत होती. अरुंद गल्लीत एका बाजूने बाहेर पडणारी मुले, दुसऱ्या बाजूने आत शिरणारी, आणि मध्ये बर्फाचा गोळा विकणारा. चार मजली इमारत. तळमजल्यावर मराठी शाळा, पहिल्यावर हिंदी, वर उर्दू. प्रत्येक शाळेचा पट वेगळा, मुख्याध्यापक वेगळा, हजेरीपुस्तके वेगळी. मैदान मात्र एक, पाण्याची टाकी एक आणि जिना एक. जिन्यावर मला एका दमात चार हाका ऐकू आल्या: “बाई”, “मॅडम”, “टीचर” आणि “आपा”. भाची हसली. तिला सवय होती.

आमच्याकडे गावाला एक शाळा, एक इमारत. दुसरी भाषा हवी तर दुसऱ्या गावाला जा. मुंबईत ‘शाळा’ म्हणजे माध्यम अधिक सत्र, आणि ‘शाळा इमारत’ ही निराळीच गोष्ट. महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवते. साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आसपासच्या जागेत आठ भाषांत पहिलीपासून सरकारी खर्चाने शिकता येते, ही गोष्ट आपण मुंबईचे गोडवे गाताना कधी सांगत नाही. समुद्र सांगतो, लोकल सांगतो, वडापाव सांगतो.

उर्दू शाळेच्या मुख्याध्यापिका वयाने माझ्याएवढ्याच. टेबलावर पुण्याहून आलेल्या बालभारतीच्या उर्दू पुस्तकांचे गठ्ठे. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर त्यांनी चहा मागवला आणि मनमोकळे बोलल्या. आमच्या केंद्रप्रमुखाच्या जागी त्यांच्याकडे विभाग निरीक्षक असतो, ज्याला सगळे बीट ऑफिसर म्हणतात. त्याच्या वर विभागाचे प्रशासकीय अधिकारी, त्यांच्या वर उपशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी आणि शेवटी महापालिकेचे उपायुक्त. लोकांच्या बाजूने शिक्षण समिती: बावीस नगरसेवक आणि चार नामनिर्देशित सदस्य. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे सगळा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. “तेव्हा तक्रार घेऊन कोणाकडे जायचं, हे पालकांना सांगता येत नव्हतं,” त्या म्हणाल्या. पैसा कमी आहे असे म्हणता येणार नाही. २०२५-२६ साली पालिकेचा शिक्षणाचा अर्थसंकल्प ३,९५५ कोटींच्या घरात होता. मुलांना गणवेश, दप्तर, वह्या, बूट, छत्री धरून २७ वस्तू मिळतात. भाचीची छत्री मी पाहिली आहे. माझ्या छत्रीपेक्षा बरी आहे.

मग मी मूळ प्रश्न काढला: नववी कुठे? मुख्याध्यापिकांनी कपाळावरची ओढणी सारखी केली आणि म्हणाल्या, “आपा, आमची हद्द आठवीपर्यंत.”

ही हद्द कुठून आली ते मला नीट समजून घ्यायचे होते. आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की शाळा म्हणजे पहिली ते दहावी अशी एक सरळ रेघ. मुंबईत ती सरळ नाही, आणि त्याला कारण आहे. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. त्यात पालिकेच्या कामांचे दोन ढीग आहेत, बंधनकारक आणि ऐच्छिक. प्राथमिक शिक्षण बंधनकारक आहे. त्यापुढचे शिक्षण ऐच्छिक आहे, म्हणजे जमले तर करावे. पालिकेने स्वतःच्या माध्यमिक शाळा काढायला सुरुवात केली तीच १९६५ साली. पुढे शिक्षण हक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांची, म्हणजे आठवीपर्यंतची हमी दिली. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. नववीसाठी असे अंतर या कायद्यात लिहिलेले नाही. कायद्याचा हात आठवीच्या निकालापर्यंत पोहोचतो आणि थांबतो.

त्यात आणखी एक गंमत. खाजगी प्राथमिक शाळांना मान्यता आणि अनुदान देणे हे मुंबईत पालिकेचे काम. खाजगी माध्यमिक शाळा मात्र राज्य सरकारच्या शिक्षण निरीक्षकाखाली येतात. म्हणजे आठवी आणि नववी यांच्यामध्ये नुसती एक इयत्ता नाही, एक सरकार बदलते. आठवीचे गाऱ्हाणे एका कचेरीत, नववीचे दुसऱ्या.

सक्तीच्या शिक्षणाची गोष्ट मुंबईत फार जुनी आहे, आणि तिच्यात आपल्या वाचकांनी ओळखावे असे एक नाव आहे: सर इब्राहिम रहिमतुल्ला. त्यांनी आणि चिमणलाल सेटलवाड यांनी आग्रह धरल्यावर मुंबई सरकारने १९०६ साली शहरात सक्तीचे शिक्षण आणता येईल का, हे पाहण्यासाठी समिती नेमली. लोक अजून तयार नाहीत, असे सांगून समितीने विषय मिटवला. (कोणत्याही काळातल्या समितीचे हे आवडते उत्तर असावे.) नंतर विठ्ठलभाई पटेलांचा १९१८ चा कायदा आला, पण तो मुंबई शहराला लागू नव्हता. शहरासाठी १९२० साली वेगळा कायदा झाला आणि १९२५ मध्ये एफ आणि जी वॉर्डांत सक्ती सुरू झाली. नाहूर तेव्हा मुंबईत नव्हतेच. १९५० साली बृहन्मुंबईची हद्द वाढली ती मध्य रेल्वेवर भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये पुन्हा वाढली ती मुलुंडपर्यंत. आजही भांडुपचा एस विभाग वेगळा, मुलुंडचा टी विभाग वेगळा, आणि नाहूर त्या दोघांच्या शिवेवर. मुलुंड ओलांडले की ठाणे महानगरपालिका. मुंब्र्यातला मुलगा, जो माझ्या भाचीच्या लोकलमध्ये चार स्टेशने आधी बसतो, त्याची शाळा, त्याचे अधिकारी, त्याचे बजेट सगळे निराळे.

संध्याकाळी घरी चर्चा बसली. भाऊ गाळ्यावरून येऊन हातपाय धुऊन जमिनीवर बसला. घरापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर उर्दू नववीत जागा मिळत नव्हती. कुर्ल्याच्या बाजूला गेले तर मिळाली असती. नाहूरहून कुर्ला सहावे स्टेशन. सकाळी सातच्या गर्दीत चौदा वर्षांची मुलगी, रोज. भाभी म्हणाली, “मी सोडायला जाईन.” भाऊ म्हणाला, “आणि धाकट्याला कोण बघेल?” दुसरा मार्ग इंग्रजी माध्यम. पालिकेने अलीकडे आपल्या शाळांना ‘मुंबई पब्लिक स्कूल’ असे नाव दिले आहे, आणि काही ठिकाणी सीबीएसई अभ्यासक्रम सुरू केला. मुलुंडच्या मिठागर शाळेत तो आहे. त्याच्या प्रवेशासाठी सोडत निघते. भावाला वाटत होते, तिथे नंबर लागला तर सगळे प्रश्न संपतील. मी त्याला सांगितले की आठ वर्षे उर्दूत शिकलेल्या मुलीला नववीत सीबीएसईच्या इंग्रजी वर्गात बसवणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला खाडीत सोडणे. त्याला ते आवडले नाही. “म्हणजे गरिबाच्या पोरीनं इंग्रजी शिकू नये?” तो म्हणाला. तसे मला म्हणायचे नव्हते. पहिलीतल्या धाकट्यासाठी त्याने जरूर अर्ज भरावा, असे मी म्हटले. पण ऐन वादात हे वाक्य त्याच्या कानापर्यंत पोहोचले नाही.

तिसरा मार्ग कोणी बोलत नव्हते म्हणून मी बोलले. पंधरा-वीस मिनिटांच्या वाटेवर मराठी माध्यमाची माध्यमिक शाळा होती, पालिकेचीच. भाभीने लगेच मान हलवली. “दहावीला मराठीत नापास झाली तर?” आणि मग हळू आवाजात, “तिथं तिच्यासारखं कोणी नसेल.”

मला माझे दिवस आठवले. महाड तालुक्यातल्या आमच्या गावात उर्दू शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला मी तालुक्याच्या मराठी हायस्कुलात गेले. घरात आम्ही कोकणी-मराठीच बोलतो, त्यामुळे बोलण्याची अडचण नव्हती. अडचण आली गणिताच्या तासाला. सरांनी फळ्यावर त्रिकोण काढला आणि त्याला ‘त्रिकोण’ म्हटले. मला तो ‘मुसल्लस’ म्हणून माहीत होता. कोन म्हणजे जाविया, क्षेत्रफळ म्हणजे रकबा, समीकरण म्हणजे मुसावात, हे सगळे मी पहिल्या तीन महिन्यांत एका चाळीस पानी वहीत उतरवून काढले. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर उर्दू. पहिल्या चाचणीत गणितात मला पंचवीसपैकी सहा मिळाले, सहामाहीत निम्म्याच्या वर. उत्तर येत होते, प्रश्न समजत नव्हता. सहा गुण मिळालेल्या मुलीला ढ म्हणणारे शिक्षक त्या शाळेत होते. ‘तुझं उर्दू पुस्तक आण, बघू’ म्हणणारे एकच होते, आणि त्यांना उर्दू येत नव्हते.

म्हणून मी भाभीला सांगितले की धोका आहे, पण तो सहा महिन्यांचा आहे. कुर्ल्याची लोकल दोन वर्षांची आहे. उर्दू सुटेल, ही तिची भीतीही खरी होती. त्या मराठी शाळेत उर्दू विषय शिकवायला कोणी नव्हते. ती माझ्याकडेच सोपवायची, असे ठरले. घरात अक्षर टिकवायचे तर कोणीतरी रोज पाऊण तास बसावे लागते. माझ्या बाबतीत अब्बांनी ते केले. भाऊ तेव्हा खेळायला पळायचा, हे मी तिथे बोलून दाखवले नाही.

भाचीला विचारले तेव्हा ती म्हणाली, “फुफू, मैत्रिणी कुठे जाणार ते आधी सांगा.” हे आम्ही कोणीच विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी तिनेच चौकशी करून आणली. वर्गातल्या दोघी गावी परत जाणार होत्या. एकीचे शिक्षण बंद होणार होते. तिची आई कामाला जाते आणि घरी लहान भावंडे आहेत. दोघी भायखळ्याला मामाकडे राहणार. उरलेल्यांचे ठरलेले नव्हते. मुलांपेक्षा मुली जास्त असलेला तो वर्ग एका निकालानंतर असा पाच दिशांना जाणार होता. मुलींना राज्यात बारावीपर्यंत शिक्षण मोफत आहे, फी हा प्रश्न नव्हता. रस्ता हा प्रश्न होता.

मी पुन्हा मुख्याध्यापिकांकडे गेले. त्यांना एकच विचारले: शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय कधी निघाला आहे का? कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत ही समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. त्या म्हणाल्या, सभा होतात, सह्या होतात. खिचडी, पाणी, संडास यांवर बोलणे होते. आठवीनंतरचे कोणी काढत नाही, कारण तोवर त्या पालकांचे मूल शाळेतून बाहेर पडत असते. सातवीच्या पालकांना पुढच्या वर्षी काय येणार हे ठाऊक नसते, आठवीच्या पालकांची सभा पुन्हा होत नाही. त्यांनीच मग सुचवले की सातवीच्या मुलींच्या आयांना बोलवून नववीसाठी उर्दू वर्गाचा अर्ज विभागाला द्यावा, पटाच्या आकड्यांसह. मी तिथल्या तिथे मसुदा लिहून दिला, मराठीत आणि उर्दूत. खाली सही करायला भाभीला बसवले. तिने उर्दूत सही केली, मग थोडे थांबून मराठीतही केली. अर्जाचे उत्तर हे लिहीपर्यंत आलेले नाही.

जूनमध्ये, शाळा भरण्याच्या आधीच्या आठवड्यात, मी पुन्हा नाहूरला उतरले. शाळा सोडल्याचा दाखला घेतला, निकालपत्राच्या प्रती काढल्या, आणि भाचीला घेऊन मराठी माध्यमिक शाळेत गेलो. कारकुनाने दाखला उलटसुलट पाहिला. “उर्दूतून मराठीत? नववीला?” मी म्हटले, “हो. मीही तशीच आले.” त्याने माझ्याकडे पाहिले, मग फॉर्म पुढे केला. वर्गशिक्षिका तिथेच होत्या. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न मला आवडला: “हिचं गणित-विज्ञान सेमी-इंग्रजीत झालंय का?” झाले नव्हते. झाले असते तर निम्मा त्रास वाचला असता, कारण ट्रँगल हा शब्द कोणत्याही इमारतीत, कोणत्याही मजल्यावर ट्रँगलच राहतो. उर्दू शाळेतल्या पाचवी-सहावीच्या पालकांनी ही गोष्ट आजच विचारून ठेवावी. शाळेत सेमी-इंग्रजीची सोय असेल तर पुढे माध्यम बदलताना दार अर्धे उघडे असते.

निघताना मी भाचीला चाळीस पानी वही घेऊन दिली आणि मधोमध रेघ मारून दिली. माझी जुनी वही शोधायला गावी अम्मीला सांगितले होते, पण ती पावसात केव्हाच गेली.

जुलैत रोज रात्री नऊच्या सुमारास फोन यायचा. “फुफू, परिमिती म्हणजे?” “फुफू, सूत्र म्हणजे?” एका रात्री तिने विचारले, “फुफू, कर्ण म्हणजे? मराठीच्या बाई म्हणाल्या महाभारतातला.” मी हसले आणि सांगितले, “काटकोनासमोरची बाजू. तुझा वतर.” पलीकडे वही उघडल्याचा आवाज आला, मग पेन्सिलीचा. ऑगस्टमध्ये फोन दोन दिवसांआड येऊ लागले. पहिल्या चाचणीत तिला गणितात वीसपैकी नऊ मिळाले, आणि तिने ते मला न लाजता सांगितले. माझ्यापेक्षा बरे आहे. परवा फोन आला तो वेगळ्याच कामाचा होता. शेजारच्या बाकावरची मुलगी तिच्या वहीच्या उजव्या पानावरची अक्षरे पाहून विचारत होती, माझं नाव असं कसं लिहायचं? भाचीला त्यातला ‘ळ’ उर्दूत कसा दाखवावा ते सुचत नव्हते. खरे सांगायचे तर मलाही चटकन सांगता आले नाही. मी म्हटले, उद्या शाळेत आमच्या मौलवी सरांना विचारून कळवते.